पोटातल्या बाळाचे पहारेकरी



गरोदर बाईचं व्यसन आणि कायदा या आजच्या विषयासाठी मी एक खटला निवडला आहे. तो अमेरिकेतला आहे आणि आता जुना झाला. कायद्याचे विद्यार्थी तो अजून वाचतात, डॉक्टर मंडळी फारशी वाचत नाहीत. माझं आयुष्य प्रसूतिगृहात गेलं, त्यामुळे मी तो वाचायला घेतला तो हॉस्पिटलच्या बाजूनं. तिथली नर्स का चिडली असेल, रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरनं फॉर्म डोळे झाकून का भरला असेल, हे मला परकं वाटलं नाही. व्यसन करणाऱ्या गरोदर बाईचा राग येतो. तो प्रामाणिक राग असतो, कारण पोटातलं बाळ काही बोलू शकत नाही. या रागाचं धोरण झालं की काय होतं, हे त्या खटल्यात स्वच्छ दिसतं.

चार्ल्सटन हे साउथ कॅरोलायना राज्यातलं समुद्रकाठचं शहर. एके काळी आफ्रिकेतून आणलेली माणसं जिथं उतरवून विकली जात, त्या मोठ्या बंदरांपैकी एक. तिथलं सरकारी वैद्यकीय विद्यापीठाचं हॉस्पिटल म्हणजे गोरगरिबांचं, आणि मुख्यतः कृष्णवर्णीयांचं, बाळंतपणाचं ठिकाण. 1988 च्या शरद ऋतूत तिथल्या डॉक्टर-नर्सेसना वाटू लागलं की कोकेन घेणाऱ्या गरोदर बायका वाढल्या आहेत. तो काळच ‘क्रॅक’ नावाच्या स्वस्त, ओढायच्या कोकेनचा. वर्तमानपत्रं आणि टीव्ही ‘क्रॅक बेबी’ या शब्दांनी भरून गेले होते: एक अख्खी पिढी मेंदूनं अधू जन्माला येणार, सरकारी तिजोरी तिच्यावर रिकामी होणार, वगैरे. या सगळ्या हाकाटीच्या मुळाशी 1985 सालचा, डॉ. आयरा चॅसनॉफ यांचा एक लहानसा शोधनिबंध होता. त्यात कोकेन घेणाऱ्या स्त्रिया होत्या फक्त 23. चॅसनॉफ यांनी आपल्या निबंधातून असलं भाकीत निघत नाही असं पुढं पुष्कळदा सांगितलं, पण तोवर गाडी सुटली होती.

एप्रिल 1989 मध्ये हॉस्पिटलनं संशय येईल त्या गरोदर बाईच्या लघवीची कोकेनसाठी तपासणी सुरू केली. तपासणी पॉझिटिव्ह आली की समुपदेशनासाठी काउंटीच्या व्यसनमुक्ती विभागाकडे पाठवायचं, एवढंच. इथपर्यंत कुणालाही काही वावगं वाटणार नाही. मलाही वाटलं नसतं. पण चार महिने झाले तरी प्रमाण काही हलेना. तेवढ्यात प्रसूतिविभागाच्या केस मॅनेजर असलेल्या नर्स शर्ली ब्राउन यांनी बातम्यांत ऐकलं की त्याच राज्यातल्या ग्रीनव्हिल इथं पोलीस कोकेन घेणाऱ्या गरोदर बायकांना बालछळाच्या आरोपाखाली अटक करताहेत. त्यांनी हे हॉस्पिटलच्या वकिलांच्या कानावर घातलं. वकिलांनी जिल्ह्याचे सरकारी वकील चार्ल्स कॉन्डन यांना पत्र लिहिलं: आमचं सहकार्य आहे, काय करायचं सांगा. कॉन्डन यांनी समिती बसवली. समितीत हॉस्पिटल, पोलीस, समाजकल्याण खातं आणि व्यसनमुक्ती विभाग असे सगळेच होते. तिच्यातून एक धोरण निघालं. त्याचा क्रमांक होता ‘एम-7’.

हे धोरण मी शांतपणे, एकेक कलम करत वाचलं. कोणाची तपासणी करायची याचे नऊ निकष त्यात आहेत. पहिला निकष: गरोदरपणात एकदाही तपासणीला आलेली नाही. दुसरा: चोवीस आठवड्यांनंतर उशिरा आली. तिसरा: मध्ये मध्ये खंड पडला. मग येतात वार आधीच सुटणं, बाळ पोटात दगावणं, कारण नसताना दिवस भरण्याआधी कळा येणं, बाळाची वाढ खुंटणं, पूर्वीचं दारूचं किंवा ड्रग्जचं व्यसन आणि बाळातलं उकल न होणारं जन्मजात व्यंग. आता पहिले तीन निकष आपल्याकडच्या कुठल्याही ग्रामीण रुग्णालयाच्या नोंदवहीला लावून पाहा. एसटी चुकली म्हणून न आलेली, ऊसतोडीला गेलेली, घरातल्या म्हातारीच्या आजारपणात अडकलेली, या सगळ्या बायका संशयित ठरतील. गरिबीची लक्षणं व्यसनाची लक्षणं म्हणून वाचायची असतील तर दुसरी यादी करायची गरजच नाही. त्या शहरातल्या खासगी हॉस्पिटलांमध्ये, जिथं विमा असलेल्या बायका बाळंत व्हायच्या, तिथं हे धोरण नव्हतंच.

नमुन्याचं काय करायचं, हेही धोरणात नीट लिहिलेलं आहे. तो कुणी घेतला, कुणाच्या हाती दिला, कुठं ठेवला, याची साखळी कुठं तुटता कामा नये, म्हणजे उद्या कोर्टात तो पुरावा म्हणून टिकेल. आमच्या प्रसूतिकक्षात लघवीचा नमुना म्हणजे प्रथिनं पाहायची, साखर पाहायची आणि ओतून द्यायचा. बाटलीवर चिकटपट्टी, पट्टीवर पेननं लिहिलेलं नाव, बस्स. चार्ल्सटनमध्ये त्याच बाटलीचा मुद्देमाल झाला. पोलिसांनी कुठली कलमं लावायची तेही ठरलेलं होतं. सत्तावीस आठवडे किंवा कमी असतील तर अमली पदार्थ बाळगल्याचा गुन्हा. अठ्ठावीसच्या पुढं गेली असेल तर बाळगल्याचा, शिवाय अठरा वर्षांखालील व्यक्तीला पुरवल्याचा. म्हणजे कायद्याच्या कागदावर आई ही नाळेतून माल पोचवणारी विक्रेती! आणि बाळंत झाल्यावर सापडली तर मुलाच्या हेळसांडीचा गुन्हा.

हा खटला पुढं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथल्या निकालपत्रात या धोरणाविषयी एक निरीक्षण आहे, ते माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर आईच्या प्रसूतिपूर्व उपचारांत काय बदल करायचा, याबद्दल धोरणात अक्षर नाही. नवजात बाळावर वेगळे उपचार कोणते करायचे, याबद्दलही नाही. पोलिसांचा मात्र त्यात जागोजागी उल्लेख आहे. बाळाच्या नावानं काढलेल्या फर्मानात बाळासाठी काहीच नव्हतं.

सुरुवातीला बाळंतपणाच्या वेळी चाचणी पॉझिटिव्ह आली की थेट अटक होई. काहींना बाळंतपणानंतर काही तासांत, रक्तस्राव चालू असताना, हॉस्पिटलच्या गाऊनवरच बेड्या घालून नेलं. 1990 मध्ये थोडी सवलत आली: उपचार घ्यायला तयार असाल तर अटक टळेल, भेट चुकवली किंवा पुन्हा सापडलात तर नाही. पण उपचार कुठं घ्यायचे? गरोदर बाईला, तिच्या आधीच्या पोरांसकट ठेवून घेणारं निवासी केंद्र तेव्हा त्या राज्यात नव्हतं, असं स्त्रियांच्या बाजूनं मांडलं गेलं. एकूण तीस स्त्रियांना अटक झाली. त्यांतल्या एकोणतीस कृष्णवर्णीय होत्या. तिसाव्या, म्हणजे एकमेव गोऱ्या स्त्रीच्या कागदांवर तिचा जोडीदार कृष्णवर्णीय असल्याची नोंद नर्सनं मुद्दाम करून ठेवली होती.

1993 मध्ये दहा स्त्रियांनी दावा लावला. पहिलं नाव क्रिस्टल फर्ग्युसन यांचं, म्हणून खटला ‘फर्ग्युसन विरुद्ध चार्ल्सटन शहर’ असा ओळखला जातो. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानं चौकशी सुरू केल्यावर 1994 मध्ये हॉस्पिटलनं धोरण गुंडाळलं, पण दावा चालू राहिला. ज्यूरीनं हॉस्पिटलच्या बाजूनं कौल दिला, अपील न्यायालयानंही 1999 मध्ये तो उचलून धरला. 21 मार्च 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी तो फिरवला. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिलेल्या निकालाचा मथितार्थ असा: अंतिम हेतू बायकांना व्यसनातून सोडवण्याचा असेलही, पण तातडीचा हेतू पोलिसांसाठी पुरावा गोळा करण्याचा होता. पुरावाच गोळा करायचा तर वॉरंट हवं किंवा त्या बाईची जाणती संमती हवी. तिला न सांगता, उपचारांच्या मिषानं हे करता येणार नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं आणि सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातल्या संघटनेनं न्यायालयात स्त्रियांची बाजू घेतली होती, हॉस्पिटलची नव्हे.

विरोधी मत न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांचं होतं आणि ते मी टाळून पुढं जाणार नाही. ते म्हणतात, बाईनं नमुना आपणहून दिला. तपासणी डॉक्टरांनी वैद्यकीय कारणासाठी सुरू केली, तेव्हा पोलीस चित्रातही नव्हते. चांगल्या हेतूनं काम करणाऱ्या लोकांना आता नुकसानभरपाईच्या दाव्यांत ओढायचं का? यातला तिसरा मुद्दा मला लागतो. हॉस्पिटलमधले लोक दुष्ट नव्हते. पण पहिला मुद्दा कुणा डॉक्टरनं ऐकला तर तो मान हलवणार नाही. आमच्याकडे बाई नमुना ‘आपणहून’ देते म्हणजे काय? सिस्टर म्हणते, “जा ग, बाटली भरून आण.” ती जाते, भरून आणते. कशाला, असं विचारणारी एखादीच. हा भरवसा आहे. तो प्रसूतिगृहाचं भांडवल आहे आणि त्यावरच आमची सगळी कामं चालतात. त्याला कायद्यानं संमती म्हणायचं ठरवलं तर मग बाईनं बाटली भरण्याआधी वकील गाठलेला बरा.

आता विज्ञानाकडे येते. अशा धोरणांचा सगळा डोलारा दोन समजुतींवर उभा होता: कोणत्या बायका व्यसन करतात हे पाहताच कळतं, ही एक, आणि कोकेननं बाळाचं कायमचं वाटोळं होतं, ही दुसरी.

पहिलीचा निकाल 1990 मध्येच लागला होता, आणि तोही त्याच चॅसनॉफ यांच्या हातून. फ्लोरिडातल्या पिनेलस काउंटीत त्यांनी सरकारी दवाखान्यांत आणि खासगी डॉक्टरांकडे पहिल्या भेटीला आलेल्या 715 गरोदर स्त्रियांचे नमुने, नावं काढून टाकून तपासले. दारू किंवा अमली पदार्थांसाठी पॉझिटिव्ह निघालेल्यांचं प्रमाण 14.8 टक्के होतं. गोऱ्या स्त्रियांत 15.4, कृष्णवर्णीयांत 14.1. म्हणजे जवळजवळ सारखंच. पण त्याच काउंटीत अधिकाऱ्यांकडे ज्यांची तक्रार गेली होती, त्यांत कृष्णवर्णीय स्त्रीची तक्रार होण्याची शक्यता गोरीच्या सुमारे दहापट होती. हा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा चार्ल्सटनचं धोरण जोरात चालू होतं. आकड्यांना अटक थांबवता येत नाही, हेही त्यावरून कळतं. पुढं, 2018 ते 2021 या काळातल्या पिट्सबर्गच्या मोठ्या हॉस्पिटल समूहाच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हाही तेच: चाचणीला पाठवलं जाण्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांत जास्त आणि चाचणी पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण त्यांच्यात कमी.

दुसरी समजूत अधिक गुंतागुंतीची आहे. कोकेन निरुपद्रवी आहे असं मी मुळीच म्हणत नाही. ते रक्तवाहिन्या आकसवतं, रक्तदाब भडकवतं, वार सुटू शकते, बाळ अपुऱ्या दिवसांचं येऊ शकतं. वार सुटलेली बाई ज्यानं टेबलावर पाहिली आहे तो या गोष्टीची थट्टा करणार नाही. पण मतिमंद पिढीचं ते भाकीत? फिलाडेल्फियातल्या डॉ. हॅलम हर्ट यांनी 1989 पासून एकाच हॉस्पिटलात जन्मलेली, पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण दिवसांची 224 बाळं निवडली. निम्म्यांच्या आयांनी गरोदरपणी कोकेन घेतलं होतं, निम्म्यांच्या नव्हतं. घरं सगळ्यांचीच गरीब. ही मुलं तरुण होईपर्यंत हर्ट त्यांना तपासत राहिल्या. चौथ्या वर्षी कोकेनचा संपर्क झालेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक 79 आला. हर्ट यांना वाटलं, सापडलं. मग दुसऱ्या गटाचा आकडा आला: 81.9. दोन्ही गट देशाच्या सरासरीच्या खाली, आणि एकमेकांच्या शेजारी! मुलांना काय सोसावं लागतंय हे पाहायला त्यांनी मुलांनाच विचारलं. सात वर्षांच्या पोरांपैकी 81 टक्क्यांनी कुणाला तरी अटक होताना पाहिलं होतं, 35 टक्क्यांनी कुणाला तरी गोळी लागताना पाहिलं होतं. कोकेनपेक्षा गल्ली जास्त घातक होती. अभ्यास अपुऱ्या दिवसांच्या बाळांबद्दल बोलत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. पण चार्ल्सटनचा निकाल लागला त्याच मार्च 2001 मध्ये डॉ. डेबोरा फ्रँक आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला, त्याचाही सूर हाच होता: लहान वयातल्या ज्या दोषांचं खापर कोकेनवर फोडलं जातं, ते तंबाखू, दारू, गांजा आणि घरची परिस्थिती यांच्या परिणामांतून वेगळे काढता येत नाहीत.

दारूचं नाव निघालंच आहे तर सांगते. गर्भाच्या मेंदूला कायमची इजा करण्यात या सगळ्यांत दारूचा हात धरणारं कुणी नाही. दारूमुळे होणाऱ्या गर्भदोषांचं चित्र सिएटलच्या जोन्स आणि स्मिथ यांनी 1973 मध्येच मांडलं होतं. फ्रान्समध्ये त्याआधी 1968 मध्ये. चार्ल्सटनच्या निकषांत दारूचा उल्लेख आहे, पण त्या बाटल्यांमध्ये शोधलं जात होतं कोकेन. दारू कायदेशीर आहे, तिचे चाहते सर्व थरांत आहेत, न्यायालयांतही असतील.

आता चाचणी म्हणजे नक्की काय हाती लागतं, ते पाहू. लघवीत कोकेनचे अवशेष साधारण दोन-तीन दिवस दिसतात. म्हणजे सोमवारी घेतलं तर शनिवारी ती निर्दोष. गांजाचे अवशेष रोज ओढणाऱ्या बाईत आठवडेच्या आठवडे राहतात. बाळाच्या पहिल्या, हिरवट-काळ्या शीवरून शेवटच्या काही महिन्यांचा अंदाज येतो, कारण ती शी आतड्यात दुसऱ्या तिमाहीपासून साठत असते. पण तो अहवाल येईतो बाळ जन्मलेलं असतं. त्याच्या रक्षणाची वेळ टळून गेलेली असते. चाचणी सांगते की पदार्थ होता. किती, किती वेळा, बाईला व्यसन आहे का, ती मुलाला सांभाळेल का, यातलं काही ती सांगत नाही. शिवाय पटकन होणारी चाचणी फसते. गरोदरपणात रक्तदाब वाढला की आम्ही सर्रास लॅबेटालॉल देतो. त्याचा एक अवशेष काही चाचण्यांत ॲम्फेटामाइन म्हणून उमटतो. म्हणजे डॉक्टरनंच दिलेल्या गोळीनं बाई गुन्हेगार! म्हणून दुसऱ्या, नेमक्या पद्धतीनं खात्री केल्याशिवाय पहिला अहवाल कुणाच्या फायलीत जाऊ नये, हा प्रयोगशाळेतला प्राथमिक नियम आहे. तो घाईत पहिला मोडतो.

आणि खसखस. अफूच्याच बोंडातलं हे बी, त्यामुळे ते खाल्ल्यावर लघवीत मॉर्फीन सापडू शकतं. अमेरिकेत नोकरीसाठीच्या सरकारी चाचण्यांची मर्यादा याच कारणानं 1998 मध्ये मिलिलिटरला 300 नॅनोग्रॅमवरून 2000 वर नेली. कित्येक हॉस्पिटलं मात्र जुन्या 300 वरच राहिली. 2010 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लॉरेन्स काउंटीत एका बाईनं बाळंतपणाला जाण्याआधी खसखस लावलेला बेगल, म्हणजे गोल पाव, खाल्ला. चाचणी पॉझिटिव्ह आली. तीन दिवसांचं बाळ अधिकाऱ्यांनी घरातून उचलून नेलं आणि पाच दिवसांनी परत केलं. पुढं तडजोडीत तिला 143,500 डॉलर मिळाले. इथं बसलेल्या कित्येक आया मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियाला जाऊन आल्या असतील, डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. डिंकाच्या लाडवांत खसखस असते, अनारशावर तर ती थापलेलीच असते. घाबरवण्यासाठी सांगत नाही. पण बाळ होईपर्यंत तो डबा उघडू नका, आणि डॉक्टरांनी विचारलं तर काय खाल्लं ते सरळ सांगा.

मग करायचं काय? डोळे मिटून घ्यायचे? नाही. अफूवर्गीय औषधांच्या लाटेनं अमेरिकेला उपचाराचा मार्ग पुन्हा शिकवला. हेरॉइन किंवा वेदनाशामक गोळ्यांच्या आहारी गेलेल्या गरोदर बाईनं एकाएकी सोडायचं म्हटलं तर ती बहुधा पुन्हा घसरते, आणि त्या घसरण्यात मृत्यूचा धोका असतो. म्हणून तिला मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देऊन स्थिर ठेवतात. बाळ जन्मल्यावर त्याला औषध एकाएकी तुटल्याचा त्रास होतो: चिरक्या आवाजात रडणं, थरथर, दूध न पिणं. त्यासाठी गुण देऊन औषध ठरवायची पद्धत 1975 पासून डॉ. लोरेटा फिनेगन यांच्या नावानं चालत आली. आता अनेक ठिकाणी साधं पाहतात: बाळ पितंय का, झोपतंय का, जवळ घेतल्यावर शांत होतंय का. त्याला आईजवळ, अंधाऱ्या शांत खोलीत ठेवतात. 2023 मध्ये 26 हॉस्पिटलांतल्या 1305 बाळांवरचा अभ्यास आला; या पद्धतीनं बाळ घरी जाण्याजोगं व्हायला सरासरी 14.9 दिवसांऐवजी 8.2 दिवस लागले. त्या उपचारात आई लागते, आणि ती तुरुंगात असेल तर हा उपचार होत नाही.

टेनेसी राज्यानं नेमकं उलट केलं. 2014 मध्ये तिथं कायदा झाला की गरोदरपणी अमली पदार्थ घेतल्यानं बाळाला इजा झाली तर आईवर हल्ल्याचा गुन्हा नोंदवता येईल. कायद्याला दोन वर्षांची मुदत घातलेली होती. त्या दोन वर्षांत बायका तपासणीला येईनाशा झाल्या, काही राज्याबाहेर बाळंत झाल्या, अशा हकिकती डॉक्टरांनी आणि समाजसेवकांनी आमदारांसमोर ठेवल्या, आणि जुलै 2016 मध्ये कायदा मुदत न वाढता संपला. साउथ कॅरोलायनानं मात्र आपला मार्ग सोडला नाही. कॉन्डन पुढं त्या राज्याचे महाधिवक्ता झाले, आणि जगण्याजोगा झालेला गर्भ हा कायद्यानं ‘मूल’ आहे असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं कॉर्नेलिया व्हिटनर यांच्या खटल्यात दिला. पॉझिटिव्ह चाचणी तिथं आजही आईविरुद्ध वापरता येते. फर्ग्युसन खटल्यानं फक्त ती गुपचूप घेणं बंद केलं.

हॉस्पिटलं मात्र हळूहळू शहाणी होताहेत. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी हॉस्पिटलांनी 2020 मध्ये ठरवलं की गरोदर बाईची अमली पदार्थांची चाचणी तिच्या लेखी संमतीशिवाय होणार नाही. 2024 मध्ये बॉस्टनच्या मास जनरल ब्रिगहॅम समूहानं जाहीर केलं की केवळ पॉझिटिव्ह चाचणी म्हणून बालकल्याण खात्याकडे आपोआप तक्रार जाणार नाही. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेची भूमिकाही हीच आहे: पहिल्याच भेटीत प्रत्येक बाईला, कुठल्याही रंगाच्या आणि थरातल्या, ठरलेल्या प्रश्नावलीनं विचारा, चाचणी लागली तर तिला सांगून करा. बाई उत्तर देते कधी? उत्तरानंतर आपल्याला काही मिळणार आहे, आपलं काही जाणार नाही, अशी खात्री झाली तर.

आता आपल्याकडे येते. आपल्या नार्कोटिक्स कायद्यात 64-अ हे कलम आहे: थोड्या प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा किंवा सेवनाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती सरकारमान्य ठिकाणी स्वेच्छेनं उपचार घ्यायला पुढं आली तर तिच्यावर खटला चालू नये, असं ते सांगतं. चांगलं कलम आहे. किती डॉक्टरांना ठाऊक आहे, हे विचारू नका. पण महाराष्ट्रातल्या गरोदर बाईच्या बाबतीत कोकेन आणि हेरॉइन हा मुख्य प्रश्न नाहीच. मुख्य प्रश्न घराघरात चुलीपाशी, एका डबीत आहे.

मिशेरी. तंबाखूची पानं तव्यावर किंवा पत्र्यावर काळी होईतो भाजायची, कुटायची, आणि सकाळी बोटानं दातांना-हिरड्यांना लावत बसायचं. घरभर पसरणारा तो ठसका ज्यानं घेतला आहे त्याला वर्णन नको. गरोदरपणी ती कमी होण्याऐवजी वाढते, कारण ‘पोट साफ होतं’, ‘मळमळ थांबते’. बाईच्या लेखी ते व्यसन नाही, दात घासणं आहे. मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी 1217 गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा केला. तो अभ्यास 2004 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. 17 टक्के स्त्रिया न ओढायची तंबाखू वापरत होत्या, बहुतेक मिशेरीच. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमनं कमी भरलं आणि बाळंतपण सरासरी सहा दिवस आधी झालं. 105 ग्रॅम म्हणजे फार नाही, असं कुणाला वाटेल. ज्या बाळाचं वजन अडीच किलोच्या काठावर आहे त्याला ते फार असतं. 2006 च्या पुढच्या निबंधात बाळ पोटात दगावण्याचा धोकाही या स्त्रियांत दुपटीहून जास्त दिसला.

यासाठी बाटली नको, वॉरंट नको, कायदा तर नकोच. लागतो एक प्रश्न, आणि तो आम्ही चुकीचा विचारतो. ओपीडीत कागदावर खाली मान घालून विचारतो, “काही व्यसन?” शेजारी सासू उभी असते. बाई म्हणते, “नाही.” सिस्टर ‘निरंक’ लिहिते. बाईचं उजव्या हाताचं तर्जनीचं बोट काळं असतं आणि कुणी पाहत नाही. सासूला बाहेर बसवून, तिच्या शब्दांत विचारा: “सकाळी मिशेरी लावता का? दिवसातून किती वेळा?” ती लगेच सांगते, कारण यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नाही. मग रागवू नका. रागावलात की पुढच्या महिन्यात ती येणार नाही, आणि तिचा रक्तदाब, तिचं हिमोग्लोबिन, बाळाचे ठोके हे सगळं तुमच्या हातातून गेलं. तीन वेळा लावते तर एकदा करायला सांगा, दंतमंजन द्या, पोट साफ व्हायला दुसरं औषध द्या, आणि पुढच्या भेटीत विसरू नका, पुन्हा विचारा.

सभागृहात आशाताई आहेत, परिचारिका आहेत, प्रशिक्षण घेणारे तरुण डॉक्टर आहेत. त्यांना माझी विनंती एवढीच. उद्या सकाळच्या ओपीडीपासून हा प्रश्न प्रत्येक गरोदर बाईला विचारा, बंगल्यातलीला आणि झोपडीतलीला सारख्याच सुरात, आणि तिचं उत्तर तिच्या माता-बाल कार्डावर तिला दाखवून, तिची हरकत नसेल तरच लिहा.